म्हातारी पेंढी

“हे शून्य खोड,” मुळावकर सर म्हणाले.

मी तक्त्याकडे पाहिलं. नमुना क्रमांक चार, सेल्युलोजची चाचणी, कड्याची रुंदी शून्य मिलिमीटर. अक्षर माझंच, काळी शाईही माझीच. शाई खोडायची म्हणजे ब्लेडने कागद खरवडायचा, आणि खरवडलेला कागद आंधळ्यालाही बोटाने कळतो.

“शून्यच येतंय, सर. तीनदा केलं.”

“मग चौथ्यांदा करू नकोस. आपण विकत आणलेलं जिवाणूंचं कल्चर फ्रिजमध्ये आहे ना? त्याचं कडं चांगलं अकरा मिलिमीटर येतं. त्याचा फोटो काढ, खाली चार नंबर लिही. तोंडी परीक्षा बारा दिवसांवर आलीय, खंडागळे. बाहेरचे परीक्षक शून्याला मार्क देत नसतात.”

“आणि माझा चार नंबर?”

“ऑटोक्लेव्हमध्ये टाक आणि मोकळी हो. प्रयोगशाळा म्हणजे उकिरडा नव्हे.”

ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा कुकर. वाफेच्या दाबाखाली त्यात वीस मिनिटं ठेवलं की कुठलाही जिवाणू उरत नाही. सरांनी सांगितलं म्हणजे करायचं, अशी आमच्या कॉलेजातली रीत होती. मी “हो सर” म्हणाले, बाहेर आले आणि चार नंबरच्या तिन्ही काचनळ्या रुमालात गुंडाळून माझ्या कप्प्याच्या पार मागे, डिंकाच्या बाटलीआड ठेवल्या. हा माझा स्वभाव. माय म्हणायची, ही पोरगी मिरचीच्या वाफ्यात जन्मली.

गोष्ट त्र्याण्णव सालची. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमच्या खानदानात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. प्रकल्पाचा विषय सरांनी दिला होता: वनस्पतींच्या पेशीभोवतीची भिंत फोडणारी जिवाणूंची एन्झाइम्स. ही भिंत आपल्या गावाकडच्या दगडमातीच्या भिंतीसारखीच असते. सेल्युलोजचे चिवट धागे म्हणजे दगड, आणि त्यांना धरून ठेवणारं चिकट पेक्टिन म्हणजे माती. काही जिवाणू असं एन्झाइम सोडतात की भिंत विरघळायला लागते. सेल्युलोज घातलेल्या बशीत जिवाणू वाढवायचा आणि वरून लाल रंग ओतायचा. जिवाणूने सेल्युलोज खाल्लं असेल तर त्याच्याभोवती फिकट कडं उमटतं. जेवढं रुंद कडं, तेवढा जिवाणू पैलवान. पेक्टिनच्या बशीत माझ्या चार नंबरने चौदा मिलिमीटरचं कडं पाडलं होतं, पण त्याचं सरांना कौतुक नव्हतं. त्यांना सेल्युलोज हवं होतं. सेल्युलोजच्या बशीत चार नंबर मख्ख बसून राहायचा.

मुळावकर सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. शिकवायचे झकास. मला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनीच कारकुनाशी भांडून फॉर्म घ्यायला लावला होता. पण त्यांना सगळं नीटनेटकं लागायचं, निकालसुद्धा. आणि आपल्या हाताखालच्या पोरीने नीटनेटकेपणाच्या आड येऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असायची.

माझ्याही वहीत एक गोष्ट नीट नव्हती. चार नंबर कुठून आणला, या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘साचलेलं पाणी’. कुठलं पाणी, कुणाचं, ते लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही, आणि मी सुटले असं मला वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी एसटी पकडून मी हिवरखेड्याला, घरी गेले. सरांचं ऐकायचं की नाही, हे ठरवायला गेले असं म्हणायला हवं. खरं तर मी रडायला गेले होते.

माय खड्ड्यावर होती. मार्गशीर्ष महिना, अंबाडीचा हंगाम. आम्ही मातंग, पिढ्यान्पिढ्या दोर वळणारे. कापलेल्या अंबाडीच्या पेंढ्या वस्तीमागच्या खड्ड्यात पाण्याखाली दगड ठेवून दाबायच्या, बारा-पंधरा दिवस कुजू द्यायच्या, मग साल सोलून, धुऊन वाख काढायचा. वाख म्हणजे अंबाडीचा धागा. त्याचे दोर वळायचे: कासरे, दावी, सोल. त्या पाण्याचा वास मात्र असा की शाळेत पोरं माझ्या बाकावर बसायची नाहीत. कॉलेजात आल्यावर मी दिवसातून दोनदा साबणाने अंघोळ करायचे, आणि ‘साचलेलं पाणी’ एवढंच लिहायचे.

“कामून आलीस ग मधीच?” मायने गुडघाभर पाण्यातूनच विचारलं. “परीक्षा झाली?”

“नाही झाली. नीट होईल असं दिसतही नाही.”

“मंग तोंड पाडून उभी राहू नको. पेंढी धर.”

मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि खड्ड्यात उतरले. मायने एका काडीची साल नखाने सोडवली. ती सरसर निघून आली. आतला वाख मायने दोन्ही हातांना गुंडाळला आणि हिसका दिला. तुटला नाही.

“उद्या काढू,” ती म्हणाली. “आज काढला तर कच्चा ऱ्हाईल.”

“परवा काढला तर?”

“परवा बी चालतंय. आपल्या खड्ड्याला घाई न्हाई. बाबूच्या खड्ड्याचं बघ. सारं वाटोळं.”

बाबूमामा आमचा शेजारी. त्याच्या सुनेने यंदा पहिल्यांदाच पेंढ्या दाबल्या होत्या. त्याच्या बांधावर वाखाचा ढीग पडला होता. मी एक झुपका उचलला आणि ओढला. कुजक्या सुतळीसारखा तो बोटातच तुटला.

“काय झालं ग याचं?”

“म्हातारी बसवायची इसरली. वर शेणकाला ओतला, लवकर व्हावं म्हनून. झालं की लवकर! साल बी गेली, दोरा बी गेला.”

म्हातारी म्हणजे काय, ते मला सांगायलाच हवं, कारण कुठल्याच पुस्तकात ते नाही. दरवर्षी खड्डा उपसताना एक पेंढी न सोलता तशीच बाजूला काढतात आणि आढ्याला टांगून वाळवतात. पुढच्या हंगामात ती नव्या पेंढ्यांच्या बरोबर मध्ये बसवतात. दह्याला विरजण असतं तसं. हीच म्हातारी. ती विकत नाहीत, शेजाऱ्याला उसनी देत नाहीत. लेक सासरी जाताना तिच्या बोचक्यात अर्धी पेंढी बांधून देतात. बाबूमामाची सून तिच्या आईची म्हातारी घेऊन आली होती, पण शिकलेल्या पोरीला ते गावंढळ वाटलं असावं. तिने ती चुलीत घातली होती.

मला हसू आलं नाही. मीही शिकलेलीच होते. चार नंबर मी दिवाळीत, हंगामाच्या पहिल्या पेंढ्या दाबल्या तेव्हा, याच खड्ड्यातून, या म्हातारीजवळचं पाणी बाटलीत भरून, ओढणीखाली लपवून नेला होता.

“माय, आपली म्हातारी दोरा कामून खात नाही ग?”

“मला काय ठावं? तिला मधला चीकच आवडतो. चांगली म्हातारी चीक खाती अन् दोरा सोडती. वंगाळ पानी दोन्ही खातं.” ती दगड सरकवत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. “माझ्या आईची म्हातारी हाय ती. तिला तिच्या आईनं दिलेली. दोरा खानारी असती तर आपन सारे कव्हाच उपाशी मेलो असतो.”

मी बांधावर मटकन बसले.

चीक म्हणजे पेक्टिन. दोरा म्हणजे सेल्युलोज. चार नंबर चीक खातो, चौदा मिलिमीटर. दोऱ्याला तोंड लावत नाही, शून्य मिलिमीटर. सरांनी खोडायला सांगितलेलं ते शून्य म्हणजे आमच्या वस्तीची भाकर होती. आणि अकरा मिलिमीटरवाला विकतचा पैलवान म्हणजे बाबूमामाचा खड्डा.

मला आधी आनंद झाला, मग राग आला, आणि मग माझीच लाज वाटली. महिना-दीड महिना काचेखाली जे बघून मी डोकं फोडत होते, ते माय खड्ड्यात उभी राहून एका वाक्यात सांगत होती. आणि मी तिचं नाव वहीत लिहायला लाजले होते.

“काय झालं ग? तोंड असं कामून केलंस?”

“काही नाही. चार पेंढ्या दे मला. कच्च्या, न भिजवलेल्या.”

“कॉलेजात अंबाडीची भाजी करतीस का काय?”

दुसऱ्या दिवशी पेंढ्या खांद्यावर टाकून मी एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, लगेज लागेल. मी म्हणाले, लाव.

हॉस्टेलच्या खोलीत मी दोन बरण्या मांडल्या. दोन्हींत अंबाडी आणि उकळून गार केलेलं पाणी. एकीत विकतचं कल्चर घातलं, दुसरीत चार नंबर. माझी खोलीवाली दोन दिवसांत नाक धरून मैत्रिणीकडे राहायला गेली. मला पहिल्यांदाच त्या वासाचं काही वाटलं नाही.

प्रकल्पाची प्रत मी शून्य तसंच ठेवून बांधून घेतली. मूळ ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं: ‘गोदावरी खंडागळे यांचा अंबाडी कुजवण्याचा खड्डा, मातंग वस्ती, हिवरखेडा.’ ती घेऊन सरांकडे सहीसाठी गेले. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

सरांनी पान उलटलं. चष्मा काढला.

“मी काय सांगितलं होतं?”

“ऐकलं होतं, सर. पण शून्य खरं आहे.”

“खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, वर्गाचा प्रश्न आहे. सेकंड क्लासवर अडकलीस तर तुला कुठे पीएच.डी. मिळणार? आणि हे काय लिहिलंस? वस्ती, खड्डा! परीक्षक बाई मुंबईच्या आहेत. काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते मला म्हणतील.”

विद्यार्थिनी परीक्षेलाच बसली नाही तर विभागाचा निकाल बिघडणार होता, हे सरांनाही दिसत होतं. शेवटी त्यांनी सही केली आणि पेनाचं टोपण जोरात बंद केलं.

“अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत. मग रडत येऊ नकोस.”

“नाही येणार, सर.”

तोंडी परीक्षेला मी दोन्ही बरण्यांतला वाख धुऊन, वाळवून, त्याच्या दोन बारीक दोऱ्या वळून पिशवीत नेल्या. हॉस्टेलच्या खाटेवर बसून, पायाच्या अंगठ्यात अडकवून वळल्या होत्या. हात विसरले नव्हते.

परीक्षक प्राध्यापक शेट्ये, पन्नाशीच्या, बारीक केसांच्या, कडक दिसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी थेट तो तक्ताच उघडला.

“इथे शून्य आहे. बशी बिघडली असेल, असं मी म्हटलं तर?”

“बशी बिघडली नव्हती, मॅडम. त्याच बशीत शेजारी विकतचं कल्चर होतं. त्याने अकरा मिलिमीटरचं कडं पाडलं. फोटो मागच्या पानावर आहे.”

“म्हणजे तुझा जिवाणू दुबळा.”

सर खुर्चीत हलले. मी पिशवीत हात घातला.

“दुबळा नाही, शहाणा आहे. तो भिंतीतली माती काढतो, दगड फोडत नाही. धागा मोकळा करायचा असेल तर असाच जिवाणू लागतो. पेक्टिनचं चौदा आणि सेल्युलोजचं शून्य, दोन्ही आकडे एकत्र वाचा, मॅडम.” मी पहिली दोरी टेबलावर ठेवली. “ही अकरा मिलिमीटरवाल्याची.”

बाईंनी ती ओढली. फट्कन तुटली आणि टेबलभर भुसा पडला.

“ही शून्यवाल्याची.”

त्यांनी ओढली. तुटेना. दोन्ही हातांना गुंडाळून ओढली. मग दुसरं टोक सरांपुढे धरलं. “धरा हो, मुळावकर.” सरांना धरावंच लागलं. दोघांनी जोर लावला. सरांच्या तळव्यावर लाल वळ उठला, दोरी तशीच राहिली.

“हे तुला कुणी सांगितलं?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

“माझ्या मायनं. त्या खड्ड्यात तीच उभी असते. आम्ही दोर वळणारे आहोत.”

हे वाक्य मी पाच वर्षं गिळत आले होते. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. पंखा फिरत होता, शिपाई चहा घेऊन आला.

“माझं माहेर वेंगुर्ल्याचं,” शेट्ये बाई म्हणाल्या. “तिथं नारळाची सोडणं खाडीत कुजवून काथ्या काढतात. आमच्या घरी त्या बायकांना ओटीवर चढू देत नसत.” त्यांनी दोरीचा तुकडा आपल्या पर्समध्ये टाकला. “हा जिवाणू सांभाळ. जपून ठेव.”

दुपारी मी ‘देणे बाकी नाही’चा फॉर्म आणायला ऑफिसात गेले. कारकून जेवायला गेला होता. टाइपरायटरवर अर्धा टाइप केलेला कागद होता. वर सरांचं नाव, खाली नव्या जिवाणूची नोंद. नाव: व्ही.एम.-४, म्हणजे वसंत मुळावकर. मूळ ठिकाण: महाविद्यालयाच्या आवारातील तळे.

आमच्या कॉलेजात तळं नव्हतं. आवारात एक हौद होता, त्यात माळी बादल्या बुडवायचा.

मी फॉर्म घेतला. त्यात ग्रंथालय, हॉस्टेल, काचेचं सामान, आणि शेवटची ओळ: ‘प्रकल्पातील सर्व कल्चर निर्जंतुक करून नष्ट केली.’ समोर विद्यार्थ्याची सही. ती ओळ कुणी वाचत नसे. मी वाचली, दोनदा. मग प्रयोगशाळेत जाऊन डिंकाच्या बाटलीमागचा रुमाल काढला.

सर अर्ध्या तासाने आले, हातात नवी कोरी लेबलं घेऊन. खुशीत होते.

“छान बोललीस हं. बाई खूश आहेत. चार नंबरच्या नळ्या कुठायत? माझ्याकडे जमा कर.”

“आत आहेत.”

“कशाच्या आत?”

मी ऑटोक्लेव्हकडे बोट केलं. दाबाचा काटा पंधरावर होता, वाफ फुसफुसत होती. सर दोन ढांगांत तिथे पोचले आणि झाकणाच्या पेचाला हात घातला. चटका बसला तसा मागे घेतला. दाब असताना ते झाकण उघडत नाही, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं होतं.

“तुला वेड लागलंय का?”

“तुम्हीच सांगितलं होतं, सर. बारा दिवसांपूर्वी. मला जरा उशीर झाला.”

“तेव्हा मला काय माहीत होतं!”

“मलाही माहीत नव्हतं. मायला होतं.”

सर माझ्याकडे बघत राहिले. मी पण बघत राहिले. मान खाली गेली नाही.

“ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “तुझ्या गावाहून पुन्हा आण.”

“ती मागून मिळत नाही, सर. लेकीला देतात. सासरी जाताना.”

मी फॉर्म पुढे केला. शेवटच्या ओळीसमोर माझी सही होती. त्यांना खाली सही करावी लागली.

अंतर्गत गुणांत त्यांनी शब्द पाळला. दोन गुणांनी माझा फर्स्ट क्लास हुकला. हिवरखेडा कॉलेजपासून तीस किलोमीटरवर होतं. सरांकडे जीप होती, रस्ता डांबरी होता, आणि खड्ड्याचा पत्ता माझ्या प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर होता. सर आले नाहीत. वस्तीत उतरून माझ्या मायपुढे उभं राहणं, एवढंच त्यांना करावं लागणार होतं.

निकाल घेऊन घरी गेले. सेकंड क्लास म्हणजे काय, ते मायला समजावलं. पुढे शिकायला नागपूरला जाईन म्हणाले. शेट्ये बाईंनी तिथे चिठ्ठी दिली होती. माय स्टुलावर चढली, आढ्याची म्हातारी काढली, विळ्याने मधोमध कापली आणि अर्धी पेंढी जुन्या लुगड्यात बांधायला लागली.

“अगं, माझं लगीन कुठं झालंय?”

“घराबाहेर जायलीस ना?” तिने गाठ दाताने आवळली. “मंग झालं तर.”

याला आता सतरा वर्षं झाली. मागच्या वर्षी त्या जिवाणूवरचा माझा लेख छापून आला. नाव जी.के.-४ आहे, जी म्हणजे गोदावरी. आठ दिवसांनी फोन वाजला. आवाज थकलेला होता, पण मी लगेच ओळखला.

“खंडागळे, तू तर नष्ट केलं होतंस.”

“नळ्या नष्ट केल्या होत्या, सर.”

माझ्या टेबलाच्या वर, खुंटीला, लुगड्यातली पेंढी लटकत होती.

“आणि तक्त्यातलं ते शून्य?” त्यांनी विचारलं.

“तसंच ठेवलं, सर,” मी म्हणाले. “छापून घेतलं.”